४३ हंगामांचा आवाज: लॅरी मन्सन आणि अमेरिकेतील विद्यापीठीय खेळांचे रेडिओ समालोचन

अमेरिकेत एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या संघाचे रेडिओवर धावते समालोचन करणाऱ्या माणसाला ‘संघाचा आवाज’ असे म्हणतात, आणि हे नुसते कौतुकाचे बिरुद नसून अनेक ठिकाणी ते एक रीतसर पद असते. खेळाडू चार वर्षे खेळतो आणि पदवी घेऊन निघून जातो. प्रशिक्षक हरू लागला की त्याची गच्छंती होते. आवाज मात्र तोच राहतो. जॉर्जिया विद्यापीठाच्या ‘बुलडॉग्ज’ या अमेरिकन फुटबॉलच्या (म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याच्या आणि फेकण्याच्या खेळाच्या) संघाचे समालोचन लॅरी मन्सन यांनी १९६६ ते २००८ असे ४३ हंगाम केले. त्या काळात व्हिन्स डूली, रे गॉफ, जिम डॉनन आणि मार्क रिक्ट असे चार मुख्य प्रशिक्षक झाले, आणि खेळाडूंच्या तर दहा पिढ्या येऊन गेल्या. आजोबांचा संघ वेगळा होता, नातवाचा वेगळा. दोघांनी ऐकलेला माणूस एकच होता. असे दीर्घायुषी आवाज इतरत्रही आहेत: कॅन्सस विद्यापीठाचे मॅक्स फाल्केन्स्टाईन यांनी १९४६ ते २००६ अशी तब्बल ६० वर्षे समालोचन केले आणि विद्यापीठाने त्यांच्या सन्मानार्थ ६० क्रमांकाची जर्सी आपल्या बास्केटबॉल सभागृहात टांगली. कधीही न खेळलेल्या माणसाची जर्सी खेळाडूंच्या रांगेत का लावली जाते, हे मन्सन यांच्या आयुष्यावरून फार चांगले समजते.

विद्यापीठाचा सामना म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येते ते येथे थोडे बाजूला ठेवावे लागते. जॉर्जिया विद्यापीठ अथेन्स नावाच्या लहान शहरात आहे, आणि त्याच्या सॅनफर्ड स्टेडियममध्ये आज ९०,०००हून अधिक लोक बसतात. या वेडाचे एक कारण इतिहासात आहे. अमेरिकेचे व्यावसायिक संघ दीर्घकाळ उत्तरेकडच्या आणि पुढे पश्चिमेकडच्या मोठ्या शहरांत एकवटलेले होते. दक्षिणेतील जॉर्जिया राज्यात पहिले मोठे व्यावसायिक संघ, म्हणजे बेसबॉलचा ‘ब्रेव्हज’ आणि फुटबॉलचा ‘फाल्कन्स’, १९६६ साली अटलांटात खेळू लागले. तोपर्यंतच्या कित्येक दशकांत राज्याचा म्हणावा असा संघ विद्यापीठाचाच होता. ज्याने कधी महाविद्यालयाची पायरी चढली नाही असा शेतकरी किंवा गिरणी कामगारही त्या संघाला ‘आपला’ म्हणत असे, आणि त्याच्यापर्यंत तो संघ पोहोचत असे तो रेडिओतून.

रेडिओचा आणि विद्यापीठीय फुटबॉलचा संबंध रेडिओइतकाच जुना आहे. ८ ऑक्टोबर १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने पिट्सबर्ग आणि वेस्ट व्हर्जिनिया या विद्यापीठांचा सामना थेट प्रसारित केला. समालोचक होते हॅरल्ड आर्लिन. पुढे या व्यवस्थेने जो आकार घेतला तो समजून घेण्यासारखा आहे, कारण मन्सन यांचा आवाज राज्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचला तो याच व्यवस्थेमुळे. मध्यम लहरींवरचे प्रक्षेपण दिवसा जमिनीच्या लगतच प्रवास करते, कारण वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांचा खालचा थर त्या लहरी शोषून घेतो. रात्री हा थर विरतो, लहरी त्याहून उंचावरच्या थरांवर आदळून परत जमिनीकडे येतात आणि शेकडो मैलांवर ऐकू येतात. म्हणून केंटकीतील लुईव्हिलच्या डब्ल्यूएचएएससारखे ५०,००० वॉटचे केंद्र रात्रीच्या बास्केटबॉल सामन्यांसाठी अनेक राज्यांत ऐकले जाई. फुटबॉल मात्र पूर्वी प्रामुख्याने शनिवारी दुपारी खेळला जात असे, आणि दुपारी एकट्या केंद्राची ताकद पुरत नसे. त्यावर उपाय म्हणून एक मुख्य केंद्र सामन्याचा आवाज टेलिफोनच्या तारांवरून गावोगावच्या लहान केंद्रांना पुरवत असे आणि ती केंद्रे तो आपापल्या परिसरात ऐकवत. मोबदल्यात त्यांना सामन्याच्या विश्रांतीत गावातल्या दुकानांच्या जाहिराती विकता येत. अशा साखळीमुळे राज्यभरच्या गावांत एकाच क्षणी एकच वाक्य ऐकू येत असे.

दूरचित्रवाणी आल्यावर हे सारे संपायला हवे होते. ते संपले नाही याचे कारण एक नियम होता. विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेला अशी भीती वाटत होती की सामने घरबसल्या दिसू लागले तर लोक तिकिटे काढणार नाहीत. म्हणून १९५०च्या दशकाच्या आरंभापासून तिने दूरचित्रवाणीवर दाखवायच्या सामन्यांची संख्या आपल्या हाती ठेवली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तर कोणत्याही विद्यापीठाचा संघ दोन वर्षांच्या काळात जास्तीत जास्त सहा वेळाच दूरचित्रवाणीवर दिसू शकत असे. एका हंगामात साधारण ११ सामने धरले, तर दोन वर्षांतले बहुतेक सामने घरी बसलेल्या माणसासाठी केवळ ऐकण्याचेच होते. रेडिओवर अशी बंधने नव्हती. संघाचा आवाज हे पद त्या तीन दशकांत इतके मोठे का झाले, याचे मला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण हेच आहे: चित्र दुर्मीळ होते, म्हणून शब्द मौल्यवान होते.

आता मन्सन यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२२चा, आणि तोही दक्षिणेतला नव्हे. ते उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिसचे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लष्कराच्या वैद्यकीय सेवेत काम केले आणि सेवामुक्त होताना हातात पडलेले २०० डॉलर निवेदनाचे शिक्षण देणाऱ्या एका शाळेच्या शुल्कात घातले. नॉर्थ डकोटातल्या एका छोट्या गावच्या केंद्रापासून सुरुवात करून ते वायोमिंग राज्यातील शायेन येथे गेले आणि तेथे वायोमिंग विद्यापीठाच्या सामन्यांचे समालोचन करू लागले. तेथे त्यांच्या आधी ते काम करणारे कर्ट गाउडी पुढे देशभर प्रसिद्ध झाले. १९४७च्या सुमारास मन्सन टेनेसीतील नॅशव्हिलला आले आणि जवळपास दोन दशके तेथे व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे सामने व ‘व्हॉल्स’ या स्थानिक बेसबॉल संघाचे समालोचन करत राहिले. मासेमारी आणि शिकारीवरचा त्यांचा एक दूरचित्रवाणी कार्यक्रमही तेथे लोकप्रिय होता. १९६६ साली ते अटलांटात नव्याने आलेल्या ब्रेव्हज संघाच्या समालोचकांपैकी एक झाले, आणि त्याच वर्षी जॉर्जिया विद्यापीठाचे समालोचक एड थिलेनियस फाल्कन्सकडे जात असल्याचे त्यांच्या वाचनात आले. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख जोएल ईव्हज यांच्याशी त्यांची ओळख होती. त्यांनी फोन केला आणि काम मिळाले.

पहिली काही वर्षे श्रोत्यांनी त्यांना आपले मानले नाही, आणि ते स्वाभाविक होते. उत्तरेकडचा जन्म, नॅशव्हिलची कारकीर्द आणि आवाज असा खरखरीत की निवेदकाच्या आवाजाची जी गोड कल्पना असते तिच्यात तो मुळीच बसत नसे. १९७३ साली नॉक्सव्हिल येथे जॉर्जियाने टेनेसीला हरवले तेव्हा मन्सन यांनी जॉर्जिया जिंकल्याचे सांगताना देवाचे नाव घेतले, ते अक्षरशः ओरडून. प्रतिस्पर्धी राज्यातून आलेला हा माणूस टेनेसीच्या पराभवाने असा हर्षभरित झालेला ऐकल्यावर श्रोत्यांच्या मनातला परकेपणा सरला, असे सांगितले जाते. त्याआधीची सात वर्षे वाया गेली असे मात्र मी म्हणणार नाही. दर शनिवारी तोच आवाज कानी पडत राहिल्याखेरीज त्या एका आरोळीचा असा परिणाम झाला नसता.

त्यांची कला समजण्यासाठी अमेरिकन फुटबॉलचे अगदी थोडे गणित लागते. मैदान १०० यार्डांचे असते. मधली रेषा ५० यार्डांची, आणि तेथून दोन्ही टोकांकडे आकडे उतरत जातात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जावे लागते, नाहीतर चेंडू दुसऱ्याकडे जातो. म्हणजे श्रोत्याला प्रत्येक क्षणी चार गोष्टी कळल्याच पाहिजेत: चेंडू कोठे आहे, प्रयत्न कितवा आहे, किती यार्ड हवे आहेत आणि किती वेळ उरला आहे. याखेरीज गुणफलक. रेडिओ मधूनच लावणारा श्रोता नेहमीच असतो. बेसबॉलचे थोर समालोचक रेड बार्बर तर गुणसंख्या सांगायचे विसरू नये म्हणून समोर तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ठेवत. फुटबॉलमध्ये एकाच वेळी २२ खेळाडू हलतात, म्हणून समालोचकासमोर दोन्ही संघांतील खेळाडूंची नावे आणि क्रमांक त्यांच्या जागांप्रमाणे मांडलेला एक तक्ता असतो आणि शेजारी बसलेला मदतनीस चेंडू कोणी घेतला, कोणी अडवले, हे त्यावर बोट ठेवून दाखवत असतो. डोळे मैदानावर, कोपऱ्यातली नजर त्या बोटावर आणि तोंड सतत चालू, असे हे तीन तासांचे काम आहे. ‘चित्र डोळ्यांसमोर आणा’ अशा अर्थाचे शब्द मन्सन वारंवार वापरत आणि मग संघ कोणत्या बाजूने उभा आहे, कोण कोठे पसरला आहे, ते सांगत. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या लोरॅन स्मिथ या सहकाऱ्याला ते मधूनच ‘लोरॅन, तुझ्याकडे काय आहे?’ असे विचारत, आणि हा प्रश्न जॉर्जियात घरोघरी म्हणीसारखा झाला.

८ नोव्हेंबर १९८० रोजी फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे जॉर्जिया आणि फ्लोरिडा यांचा सामना झाला, आणि त्यातील एका खेळीचे वर्णन हा मन्सन यांच्या कलेचा सर्वांत प्रसिद्ध नमुना आहे. जॉर्जियाचा संघ त्या हंगामात एकही सामना हरला नव्हता. आता तो २०-२१ असा एका गुणाने मागे होता, दीड मिनिटाहून कमी वेळ उरला होता, तिसरा प्रयत्न होता आणि चेंडू स्वतःच्या गोलरेषेपासून जेमतेम ७ यार्डांवर होता. बक बेल्यूने धावता धावता चेंडू फेकला, तो लिंडसे स्कॉटने झेलला आणि तो धावत सुटला. मन्सन यांनी त्यानंतर जे केले ते कागदावर लिहिले तर फारच साधे दिसते. त्यांनी आकडे म्हटले आणि नाव म्हटले. २५, ३०, ३५, ४०, ४५, ५०, आणि मग ४५, ४०. आकडे चढता चढता एकदम उतरू लागतात तेथे श्रोत्याच्या काळजाचा ठोका चुकतो, कारण धावपटूने मधली रेषा ओलांडली असून तो आता प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत आहे हे त्या उतरत्या आकड्यांनीच सांगितलेले असते. मध्येच मन्सन समालोचकाची जागा सोडून लिंडसेला ‘धाव’ असे ओरडतात, मग पुन्हा आकडे येतात, २५, २०, १५, १०, ५, आणि शेवटी फक्त त्याचे नाव, तीनदा. ९३ यार्डांची खेळी, विजय २६-२१ असा. त्या धांदलीत मन्सन बसले होते ती लोखंडी खुर्ची मोडली, आणि हे देखील त्यांनी तेथल्या तेथे श्रोत्यांना सांगून टाकले. जॉर्जियाने तो हंगाम अपराजित राहून संपवला आणि १ जानेवारी १९८१ रोजी ‘शुगर बोल’ या अंतिम लढतीत नोत्र दामला १७-१० असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

शुगर बोलचा उल्लेख झालाच आहे तर आणखी एक वाक्य सांगायला हवे. १९८२ साली ऑबर्नविरुद्ध १९-१४ अशी निसटती आघाडी होती आणि शेवटच्या क्षणांत जॉर्जियाच्या बचावफळीला खिंड लढवायची होती. मन्सन यांनी खेळाडूंना जणू ते ऐकत आहेत अशा थाटात पुन्हा एकदा पाय रोवून उभे राहण्याची विनवणी केली, आणि सामना जिंकल्यावर आकाशातून साखर पडत असल्याचे सांगितले. त्या विजयाने जॉर्जियाला शुगर बोलमध्ये जागा मिळाली होती, म्हणून साखर. श्रोत्याला खुलासा करावा लागला नाही. स्थानिक समालोचकाला अशी सवलत असते की त्याचा श्रोता संदर्भ आधीपासून जाणत असतो. देशभरासाठी बोलणाऱ्या निवेदकाला तेच वाक्य बोलता आले नसते.

येथे एक गंभीर आक्षेप येतो. मन्सन आपल्या संघाला सरळ ‘आपण’ म्हणत. समालोचकाने तटस्थ असावे, असे मानणाऱ्यांना हे खटकणारच, आणि त्यामागे व्यवहाराचा प्रश्नही आहे: ज्या संघाबद्दल बोलायचे त्याच्याच विद्यापीठाशी बांधलेला माणूस खरे किती बोलेल? मन्सन यांच्या बाबतीत याचे उत्तर त्यांच्या स्वभावात होते. ते विलक्षण निराशावादी होते. प्रतिस्पर्धी कितीही दुबळा असला तरी तो आपल्याला चिरडणार आहे असे त्यांना मनापासून वाटे, आणि मोठी आघाडी असतानाही घड्याळ फार हळू चालले आहे याची काळजी त्यांच्या आवाजात असे. खुशामत करणारा पक्षपाती समालोचक आपल्या बाजूचे दोष झाकतो. घाबरलेला पक्षपाती समालोचक ते सर्वांत आधी पाहतो. माझ्या मते म्हणूनच त्यांचा पक्षपात श्रोत्याची फसवणूक ठरला नाही. चेंडू कोठे आहे हे त्यांनी नेहमी नेमके सांगितले, आणि तो तेथे असल्याचे भय लपवले नाही.

तरी हा एकच मार्ग नव्हता, आणि तो सर्वांना साधलाही नसता. केंटकी विद्यापीठाचे केवूड लेडफर्ड यांनी १९५३ ते १९९२ या काळात दुसरी परंपरा घडवली. हार्लन या कोळसा खाणींच्या भागात जन्मलेले लेडफर्ड शांत, नेमके आणि आपल्या संघाच्या चुका स्पष्ट सांगणारे होते. संघ रेडिओच्या तबकडीवर डावीकडून उजवीकडे सरकत आहे असे ते सांगत, आणि ऐकणारा आपल्या समोरच्या यंत्राच्या काटकोनी चौकटीलाच मैदान समजू लागे. ऑक्टोबर १९७८मध्ये लेक्सिंग्टन येथे जॉर्जियाने १६ गुणांची पिछाडी भरून काढत शेवटच्या सेकंदांत रेक्स रॉबिन्सनने चेंडूला मारलेल्या लाथेने केंटकीला १७-१६ असे हरवले, तेव्हा मन्सन यांच्या तोंडून होकाराचा एकच शब्द पुन्हा पुन्हा फुटत राहिला. त्या काळात केंटकीच्या फुटबॉलचे समालोचन लेडफर्ड करत. एकच लाथ दोन राज्यांत दोन निराळ्या आवाजांत ऐकली जात असे, हे या परंपरेचे मला सर्वांत आवडणारे वैशिष्ट्य आहे. लेडफर्ड यांचा शेवटचा सामना बास्केटबॉलचा होता आणि तो २८ मार्च १९९२ रोजी फिलाडेल्फियात झाला. ड्यूक विद्यापीठाच्या ख्रिश्चन लेटनरने अखेरच्या क्षणी मारलेल्या फेकीने केंटकी १०३-१०४ असे हरले. त्यानंतर विजयी ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेव्हस्की हे लेडफर्ड यांच्या टेबलापाशी आले आणि निवृत्त होणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या समालोचकाचा त्यांनी प्रक्षेपणातच गौरव केला. आज केंटकीच्या रप अरेना या बास्केटबॉल सभागृहाच्या मैदानावर लेडफर्ड यांचे नाव आहे.

ही व्यवस्था सैल झाली ती १९८४पासून. त्या वर्षीच्या २७ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी असा निर्णय दिला की एनसीएएचे दूरचित्रवाणीवरील नियंत्रण मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते. खटला भरणाऱ्यांत ओक्लाहोमा विद्यापीठाबरोबर दुसरे नाव होते जॉर्जिया विद्यापीठाच्या क्रीडा संघटनेचे. ज्या टंचाईने मन्सन यांचा आवाज इतका मोलाचा केला होता, ती संपवण्यासाठी त्यांच्याच विद्यापीठाने न्यायालयात धाव घेतली होती. त्यानंतर सामने पडद्यावर येऊ लागले. पुढे तर बहुतेक सगळेच.

तेव्हा जॉर्जियातील घराघरांत एक गोष्ट रूढ झाली: दूरचित्रवाणीचा आवाज बंद करायचा आणि शेजारी रेडिओ लावून मन्सन यांना ऐकायचे. चित्र मिळाले तरी लोकांना भय वाटून घेणारा सोबती हवा होता. २००१ साली टेनेसीवर अखेरच्या पाच सेकंदांत मिळवलेल्या २६-२४ अशा विजयाचे त्यांनी केलेले वर्णन, ज्यात ते प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर खिळेबंद बूट रोवल्याची भाषा बोलतात, अनेकांनी असेच चित्र पाहता पाहता ऐकले. ही सवय पुढे तंत्रज्ञानानेच अवघड केली. पूर्वी दोन्ही प्रक्षेपणे जवळपास एकाच क्षणी पोहोचत. अंकीय प्रक्षेपणात चित्र दाबून, उपग्रहामार्फत किंवा इंटरनेटवरून पाठवताना काही सेकंदांचा विलंब होतो, आणि रेडिओ गुण मिळाल्याचे सांगून मोकळा होतो तेव्हा पडद्यावर चेंडू अजून फेकलेलाही नसतो. दरम्यान समालोचनाचे अर्थकारणही बदलले. केंटकीतीलच जिम होस्ट यांच्यासारख्या व्यावसायिकांनी १९७०च्या दशकापासून विद्यापीठाचे रेडिओ हक्क, प्रशिक्षकांचे कार्यक्रम आणि जाहिराती एकत्र विकण्याची पद्धत बसवली, आणि अनेक ठिकाणी संघाचा आवाज स्थानिक केंद्राऐवजी अशा कंपन्यांच्या नोकरीत गेला.

मन्सन यांना २००३ साली ख्रिस शेंकेल पुरस्कार मिळाला, जो विद्यापीठाशी दीर्घकाळ जोडलेल्या समालोचकांनाच दिला जातो. सामना नसलेल्या दिवसांत ते अथेन्समध्ये विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर चित्रपट पाहत. त्यांच्याहून साठ वर्षांनी लहान असलेल्या मुलांत त्यांची ऊठबस होती. २००७पासून त्यांनी बाहेरगावचे सामने सोडले, आणि २२ सप्टेंबर २००८ रोजी, ८६वा वाढदिवस सहा दिवसांवर असताना, प्रकृतीमुळे निवृत्ती घेतली. अनेक वर्षे त्यांच्या शेजारी बसलेले स्कॉट हॉवर्ड यांनी ती जागा घेतली. २० नोव्हेंबर २०११ रोजी अथेन्स येथे मन्सन यांचे निधन झाले आणि त्यांची स्मरणसभा सॅनफर्ड स्टेडियममध्येच भरली.

१९८०च्या त्या धावेची चित्रफीत आज पाहिली जाते ती बहुधा मन्सन यांच्याच आवाजासह. बहुतेक ठिकाणी ती लिंडसे स्कॉटच्या नावापाशी थांबते. पूर्ण ध्वनिमुद्रण मिळाले तर पुढची दोन मिनिटे अवश्य ऐकावीत. गलका जरा ओसरल्यावर मन्सन धापा टाकत सांगतात की आपण संपलो होतो, मी आशा सोडली होती, आणि मग, राज्यभर विखुरलेल्या लाखो अनोळखी माणसांना उद्देशून, जणू ती सगळी शेजारच्याच मोडक्या खुर्चीत बसली आहेत अशा खात्रीने म्हणतात, की तुम्हीही सोडली होती.